रबरात नॅनो मिसळल्यावर आत नेमकं काय होतं

नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म पोकळ नळ्या, रबरात घालून केलेली माझी पहिली बॅच साध्या रबरापेक्षा वाईट निघाली होती. शीट दिसायला एकदम झकास, काळीभोर, गुळगुळीत, पण त्यातून डंबेलच्या आकाराचे तुकडे पंच करून ओढून तोडणाऱ्या टेन्साइल मशीनला लावले तर पाचातले चार निम्म्यातच फटकन तुटले, आणि लाज वाटण्यासारखी गोष्ट म्हणजे ज्यात काहीच घातलं नव्हतं ते बिनफिलरचं, म्हणजे भरणीची पावडर नसलेलं, रबर शेजारी ठेवलेलं होतं ते ह्यांच्यापेक्षा जास्त ताणलं जात होतं. तुटलेलं तोंड भिंगाखाली धरलं तर बरोबर मध्ये टाचणीच्या टोकाएवढा एक काळा दाणा बसलेला. तोच आपला नॅनोट्यूब. म्हणजे असंख्य ट्यूब एकमेकींना घट्ट धरून बसलेल्या, आणि नॅनो म्हणून घातलेला माल आत जाऊन डोळ्यांना दिसेल एवढा झालेला.

रबर आणि नॅनो ह्या विषयात लोक नेहमी विचारतात की काय घालायचं, ग्राफीन (कार्बनचा अणूएवढा पातळ पापुद्रा) घालू का नॅनोक्ले (मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे) घालू. माझ्या मते तो प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न हा की जे घातलं ते आत सुटं सुटं पसरलं का, आणि रबराने त्याला धरलं का. बाकी सगळं त्यावर ठरतं. ते का, हे कळायला आधी रबर म्हणजे काय ते बघावं लागेल.

रबराचा एक रेणू म्हणजे हजारो छोट्या कड्यांची एक लांबलचक साखळी. अशा असंख्य साखळ्या एकमेकींत गुंतलेल्या असतात, दोऱ्यांच्या गुंत्यासारख्या, आणि त्या शांत कधीच नसतात, सारख्या वळवळत असतात. ताणलं की साखळ्या सरळ होतात, सोडलं की परत गुंता होतो, कारण सरळ राहायचा एकच मार्ग आणि गुंतून राहायचे लाखो, त्यामुळे त्या आपोआप गुंत्याकडे जातात. एक रुंद रबर बँड घ्या, झटकन ताणा आणि लगेच वरच्या ओठाला लावा, गरम लागेल. मग तसाच ताणून थोडा थंड होऊ द्या, सैल सोडा आणि परत ओठाला लावा, आता गार लागेल. स्टीलची स्प्रिंग असलं काही दाखवत नाही.

नुसत्या गुंत्यावर मात्र काम भागत नाही, ताण धरून ठेवला तर साखळ्या एकमेकींवरून सरकतात आणि रबर चिकट होऊन वाहायला लागतं. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयरला सापडलं की गंधक घालून तापवलं की ही भानगड थांबते. गंधक साखळ्यांमध्ये पूल बांधतो, त्यालाच आपण व्हल्कनायझेशन म्हणतो आणि शॉप फ्लोअरवर नुसतं क्युअरिंग.

पण पूल बांधले तरी रबर काही लगेच टायर करण्याइतकं मजबूत होत नाही. टायरमध्ये जे एसबीआर नावाचं सिंथेटिक रबर वापरतात ते नुसतं क्युअर केलं तर २-३ मेगापास्कलला (मेगापास्कल म्हणजे ताण मोजायचं एकक) तुटतं, हाताने फाडता येईल असं. त्यातच योग्य कार्बन ब्लॅक, म्हणजे बारीक काजळी, घातला की तेच रबर २० च्या वर जातं. सिलिकॉन रबर तर त्याहून बिचारं, फिलर नसेल तर १ मेगापास्कलसुद्धा गाठत नाही, आणि अतिसूक्ष्म फ्यूम्ड सिलिका, वाळूच्याच रसायनाची पूड, घातली की १० च्या आसपास पोचतं. म्हणजे मोबाईलचं कव्हर किंवा बाळाच्या बाटलीचं निपल ओढलं तर फाटत नाही ह्याचं श्रेय सिलिकॉनला कमी आणि आतल्या सिलिकाला जास्त. नैसर्गिक रबर ह्यात अपवाद आहे, ते खूप ताणलं की त्याच्या साखळ्या शेजारी शेजारी शिस्तीत लागून स्फटिक बनतात आणि फाटणं तिथंच अडतं, त्यामुळे फुगा किंवा हातमोजा फिलरशिवाय चालून जातो. पण घर्षण, झीज, कडकपणा हवा असेल तर त्यालाही फिलर लागतोच.

आता गंमत अशी की रबरवाले नॅनो हा शब्द फॅशनमध्ये यायच्या कितीतरी आधीपासून नॅनोचंच काम करत आलेत. सुरुवातीचे टायर पांढरट असायचे, रबराचा चीक मुळात दुधासारखा पांढरा आणि वर झिंक ऑक्साइड घातलेलं. १९०४ मध्ये इंग्लंडमधल्या सिल्व्हरटाउनच्या कारखान्यात एस. सी. मोट ह्यांच्या लक्षात आलं की कार्बन ब्लॅक घातल्यावर रबर नुसतं काळं होत नाही, दणकट होतं. पुढे १९१० च्या दशकात अमेरिकेत गुडरिचने टायरमध्ये तो वापरायला घेतला, आणि त्यांना माल पुरवणारी कंपनी होती बिनी अँड स्मिथ, तीच जिने लहान मुलांचे क्रेयॉला खडू काढले. तेव्हापासून टायर काळा तो काळाच.

हा कार्बन ब्लॅक म्हणजे तेल अर्धवट जाळून केलेली काजळी, फक्त अतिशय मापात केलेली. टायरमध्ये चालणाऱ्या एन-३३० ग्रेडचा एक कण साधारण ३० नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, आणि माणसाचा केस ५० हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. हे कण एकेकटे नसतात, भट्टीतच एकमेकांना जोडले जाऊन द्राक्षाच्या घडासारखे वाकडेतिकडे घड होतात आणि रबराला भेटतो तो घड.

इतकं बारीक का लागतं? एक सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घ्या, त्याच्या सहा बाजूंचं मिळून क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर. तोच ठोकळा कापत कापत १० नॅनोमीटरच्या ठोकळ्यांपर्यंत आणलात, मटेरियल तेवढंच, वजन तेवढंच, पण आता सगळ्यांचं मिळून क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर झालं. रबराच्या साखळीला फिलरच्या पोटात काय आहे ह्याच्याशी काही देणंघेणं नसतं, तिला भेटते फक्त वरची कातडी, आणि ती कातडी तुम्ही लाखो पटीने वाढवली. एन-३३० च्या एका ग्रॅमला जवळपास ८० चौरस मीटर पृष्ठभाग असतो. एन-९९० नावाचा दुसरा ग्रेड आहे, तोही कार्बनच, पण कण दहापट मोठे आणि पृष्ठभाग जेमतेम ८-९ चौरस मीटर, तो घातला तर रबर भरतं, स्वस्त पडतं, पण मजबुती फारशी येत नाही. दोन्ही काजळीच, फरक फक्त मापाचा.

ह्यात एक मजेशीर गोष्ट सांगतो. द्रवात कडक गोळे घातले की तो किती घट्ट होतो ह्याचं सूत्र आइनस्टाइनने काढलं होतं, पुढे गूथ आणि गोल्ड ह्यांनी ते रबरासाठी वाढवलं. त्या सूत्रात गोळे किती टक्के आहेत एवढंच येतं, गोळे केवढे आहेत हे कुठेच येत नाही! १०० भाग रबराला ५० भाग कार्बन ब्लॅक, म्हणजे आमच्या भाषेत ५० पीएचआर, हे साधारण टायरचं प्रमाण, आकारमानाने ते २० टक्क्यांच्या आसपास बसतं, आणि सूत्र म्हणतं की कडकपणा दुप्पट होईल. मोठ्या दाण्याचा फिलर असेल तर उत्तर बऱ्यापैकी जुळतं. बारीक कार्बन ब्लॅक असेल तर थोड्या ताणाला मोजलेला कडकपणा दुप्पटीच्या कुठल्या कुठे पुढे निघून जातो. सूत्राच्या बाहेरचं जे काही जास्तीचं मिळतं तीच सगळी नॅनोची कमाई.

ती कमाई येते कुठून? एक तर कणाच्या पृष्ठभागाला रबराच्या साखळ्या चिकटून बसतात आणि तिथल्या पातळ थरात त्यांची वळवळ कमी होते, म्हणजे कणाभोवती अर्धवट गोठलेल्या रबराचं एक कवच तयार होतं. हे खरंच असतं, मनाचं नाही, क्युअर न केलेल्या कंपाउंडचे बारीक तुकडे जाळीच्या पिशवीत घालून काही दिवस टोल्युइन नावाच्या द्रावकात बुडवून ठेवा, साधं कच्चं रबर पूर्ण विरघळून जाईल, पण कार्बन ब्लॅकवालं जाळीत एक फुगलेला काळा गोळा मागे ठेवतं, कितीही धुवा जात नाही. त्याला बाउंड रबर म्हणतात आणि फिलरने रबराला किती धरलंय ह्याचा तो जुना, स्वस्त आणि भरवशाचा पुरावा आहे. दुसरं म्हणजे कण एकमेकांच्या इतके जवळ येतात की त्यांची आपापसात एक जाळी बनते, थोडं ताणलं तोवर ही जाळी जोर धरते. आणि तिसरं, चीर पुढे सरकत असताना वाटेत कण आला की तिला वळसा घ्यावा लागतो, फाटे फुटतात, ताकद वाया जाते.

जाळीचं जास्त ताणलं की काय होतं? मोडते. सोडलं की हळूहळू परत बनते. हा मोडण्या-जुळण्याचा प्रकार पेन नावाच्या संशोधकाने १९६० च्या दशकात नीट मोजला म्हणून त्याला पेन इफेक्ट म्हणतात. त्याचाच भाऊबंद मलिन्स इफेक्ट, रबर पहिल्यांदा ताणताना जेवढा जोर लागतो तेवढा दुसऱ्यांदा लागत नाही. नवा फुगा पहिल्यांदा फुगवताना गाल दुखतात आणि हवा सोडून परत फुगवला की सोपा जातो, तसंच काहीसं.

आणि इथे किंमत मोजावी लागते. जाळी मोडते-जुळते त्यात उष्णता निघते. गाडी ताशी ८० किलोमीटरने चालली असेल तर कारचं चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं, प्रत्येक फेरीत टायरचा खालचा भाग दबतो आणि सुटतो, दर वेळी थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, ते इंधन तुमच्याच टाकीतून येतं. ह्याला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. मग वाटेल की उष्णता कमी करणारं रबर घ्या, झालं. पण ओल्या रस्त्यावर पकड मिळते ती रबर ऊर्जा गिळतं म्हणूनच. म्हणजे एका कामाला ऊर्जा गिळू नको म्हणायचं आणि दुसऱ्या कामाला गिळ म्हणायचं, वर झीज पण कमी हवी. टायरवाले ह्या तीन गोष्टींच्या ओढाताणीला मॅजिक ट्रँगल म्हणतात, एक कोपरा ओढला की दुसरा आत जातो.

सुटका कशी झाली तर दोन्ही कामांचा वेग वेगळा आहे. चाकाचं दबणं सेकंदाला दहा-पंधरा वेळा, पण रस्त्याच्या बारीक खडबडीतपणावरून रबर घसरतं तेव्हा ते सेकंदाला हजारो ते लाखो वेळा थरथरतं. रबराच्या बाबतीत जास्त वेग म्हणजे कमी तापमानासारखंच असतं, म्हणून लॅबमध्ये ओल्या पकडीचा अंदाज शून्य अंशाच्या आसपास घेतात आणि रोलिंगचा ६० अंशाला. थोडक्यात हवं काय तर शून्याला भरपूर गिळणारं आणि ६० ला कंजूष रबर. हे सिलिकाने जमतं. सिलिका म्हणजे वाळूचंच रसायन, पण पाण्यातून साका बसवून काढलेली, मूळ कण १०-२० नॅनोमीटरचे.

मग आधीच का नाही वापरली? कारण सिलिकाचं आणि रबराचं पटत नाही. सिलिकाच्या अंगावर सगळीकडे ओएच गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, तिला पाणी आवडतं, स्वतःच्या जातीचे कण आवडतात, आणि रबर तेलाच्या स्वभावाचं. नुसती मिसळली तर कण एकमेकांना मिठी मारून बसतात आणि कंपाउंड इतकं घट्ट होतं की मिक्सर कण्हायला लागतो. त्यावर उपाय म्हणजे सिलेन नावाची रसायनं, त्यातला सगळ्यात गाजलेला टीईएसपीटी. ह्या रेणूचं एक टोक सिलिकाला रासायनिक बंधाने धरतं, दुसऱ्या टोकाला गंधक असतो तो क्युअरिंगच्या वेळी रबराच्या साखळीला धरतो. दोन अनोळखी माणसांमध्ये दोघांची भाषा येणारा मध्यस्थ बसवावा तसं. आता कण आपापसात जाळी बांधत बसत नाहीत, रबराला बांधले जातात, जाळी कमी म्हणजे मोडणं-जुळणं कमी म्हणजे ६० अंशाला उष्णता कमी. मिशेलिनने १९९२ मध्ये असा टायर बाजारात आणला, ग्रीन टायर म्हणून, रोलिंग रेझिस्टन्स २० टक्क्यांच्या वर खाली आला आणि ओली पकड गेली नाही.

ऐकायला सोपं वाटतं, करायला नाही. सिलेनची सिलिकाशी रिअॅक्शन मिक्सरच्या आतच घडवावी लागते, साधारण १४० ते १६० अंशात काही मिनिटं धरून. १४० च्या खाली राहिलात तर रिअॅक्शन अर्धवट, १६० च्या वर गेलात तर सिलेनमधला गंधक सुटून रबर मिक्सरमध्येच जमायला लागतं, त्याला स्कॉर्च म्हणतात, आणि स्कॉर्च झालेली बॅच म्हणजे कचरा. शिवाय रिअॅक्शनमध्ये अल्कोहोल सुटतं, त्याची वाफ बाहेर काढावी लागते. माझं स्पष्ट मत आहे की रबरातल्या नॅनोचा सगळ्यात मोठा विजय ना नॅनोट्यूबने मिळवला ना ग्राफीनने, तो ह्या सिलिका-सिलेनच्या जोडीने मिळवला, आणि त्यात कण जुनेच होते, नवीन होता तो मधला मध्यस्थ आणि मिक्सिंगची शिस्त.

आता गोळ्याच्या आकाराबाहेर पडू. नॅनोक्ले म्हणजे मॉन्टमोरिलोनाइटसारखी माती, तिचे पापुद्रे १ नॅनोमीटर जाडीचे आणि लांबी-रुंदी शेकडो नॅनोमीटर, म्हणजे कागदासारखे. ते सुटे होऊन रबरात आडवे पसरले की हवेच्या रेणूला सरळ बाहेर पडता येत नाही, पापुद्र्याला वळसा घालून, मग पुढच्याला वळसा घालून असं नागमोडी जावं लागतं. चाकाची ट्यूब, टायरच्या आतलं अस्तर, बॉल, जिथे हवा धरून ठेवायची तिथे हे कामाचं. विल्सनच्या डबल कोअर टेनिस बॉलमध्ये आतून अशाच खनिजाच्या पापुद्र्यांचा ब्युटाइल रबरातला थर दिला होता, बॉल लवकर मऊ पडू नये म्हणून. पण एक सावधगिरी. मातीचे पापुद्रे सुटे व्हावेत म्हणून तिच्यावर आधी अमोनियम जातीच्या रसायनाची प्रक्रिया करतात, आणि ते रसायन क्युअरिंगचा वेग पण वाढवतं. मग रबर सुधारलं ते मातीमुळे की जास्त क्युअर झालं म्हणून? तेवढंच रसायन घालून पण माती न घालता एक बॅच केलेली नसेल तर असल्या रिपोर्टवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

कार्बन नॅनोट्यूब १९९१ मध्ये सुमिओ इजिमांच्या पेपरनंतर गाजल्या. कडकपणा स्टीलच्या पाचपट, त्यामुळे सगळ्यांना वाटलं आता रबर स्टीलसारखं होणार. झालं नाही, कारण ट्यूब कितीही कडक असली तरी रबर तिच्यावरून निसटत असेल तर तो कडकपणा काय कामाचा, तेल लावलेल्या सळीवर दोर बांधल्यासारखं. ट्यूब खरी चमकते ती विजेच्या कामात. वीज वाहायची तर कणाला कण टेकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाट व्हायला हवी. गोल घडांना त्यासाठी बरंच प्रमाण लागतं, साध्या कार्बन ब्लॅकचे २०-३० पीएचआर तरी, पण लांब काड्या थोड्याच असल्या तरी एकमेकींना टेकतात, त्यामुळे नीट पसरलेल्या नॅनोट्यूबचे एक-दोन पीएचआरसुद्धा पुरतात आणि रबर रबरासारखं मऊ राहतं. आणि ताणलं की काही वाटा तुटतात, रेझिस्टन्स बदलतो, म्हणजे रबर स्वतःच ताण मोजणारा सेन्सर झालं. ग्राफीनचं पण थोडंफार तसंच, २००४ मध्ये गाइम आणि नोव्होसेलोव्ह ह्यांनी वेगळं करून दाखवलं, २०१० ला नोबेल, एका अणूएवढी जाडी, सायकलच्या टायरमध्ये आलंय सुद्धा. पण बाजारात ग्राफीन म्हणून जी पावडर मिळते ती पुष्कळदा अनेक थरांची, बारीक ग्राफाइटच्याच जवळची असते, तेवढं तपासून घ्या.

परत माझ्या दाण्याकडे. ट्यूबांचा गुंता दोन रोलच्या मिलवर फुटत नाही हे मला तेव्हा कळलं. मिल रबराला दाबते, ओढते, पण रबर मऊ आणि गुठळी घट्ट, रबर बाजूने निसटून जातं आणि गुठळी जशीच्या तशी पुढच्या फेरीला. रोल अगदी जवळ आणले, गार ठेवले, वीस-पंचवीस वेळा पास दिले तर थोडा फरक पडला, पण इतकं दळलं की रबराच्याच साखळ्या तुटायला लागतात. मग लॅटेक्सच्या, म्हणजे रबराच्या चिकाच्या, वाटेने गेलो. ट्यूब पाण्यात, साबणासारखं रसायन घालून, अल्ट्रासॉनिकने सुट्या केल्या, शाईसारखं काळं पाणी होईपर्यंत, ते रबराच्या चिकात ढवळलं आणि आम्ल टाकून साकळवलं. गुठळी फोडायची भानगडच नाही, सुट्या असतानाच रबरात कोंडल्या. ती शीट ब्लेडने कापल्यावर तोंड एकसारखं काळं होतं, एक दाणा नाही. चमत्कार काही झाला नाही, मजबुती बरी वाढली, ताणलं जाणं थोडं कमी झालं, पण मल्टिमीटर लावला तर रीडिंग आलं, जे पहिल्या बॅचला येतच नव्हतं. त्यात ट्यूबचं प्रमाण मात्र दोन्हीकडे सारखंच होतं.

झिंक ऑक्साइडबद्दल लोक कमी बोलतात पण तिथे नॅनोचा हिशोब जास्त सरळ आहे. ते मजबुतीसाठी नाही, गंधकाच्या क्युअरिंगला चालना द्यायला लागतं, ३ ते ५ पीएचआर, आणि रिअॅक्शन होते ती कणाच्या पृष्ठभागावरून, आतला झिंक बराचसा नुसता बसून असतो. टायर झिजला की तो पाण्यात जातो आणि पाण्यातल्या जीवांना झिंक सोसत नाही. कण नॅनो केले की पृष्ठभाग तोच ठेवून झिंक बरंच कमी घालता येतं.

आणि पावडर हाताळताना मास्क लावा, अगदी प्रयोगाच्या २० ग्रॅमलासुद्धा. क्युअर झालेल्या रबरात कण कोंडलेले असतात, धोका असतो तो तोलताना आणि मिक्सरमध्ये ओतताना उडणाऱ्या धुळीचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयएआरसी ह्या कॅन्सर संशोधन संस्थेने कार्बन ब्लॅक २बी गटात ठेवलाय, म्हणजे माणसात कॅन्सरची शक्यता असू शकते असा गट, आणि लांब ताठ नॅनोट्यूबचा एक प्रकार, एमडब्ल्यूसीएनटी-७, पण त्याच गटात आहे. त्यामुळे सुटी पावडर घेण्यापेक्षा आधीच रबरात किंवा तेलात मिसळलेला मास्टरबॅच मिळत असेल तर तो घ्या, धूळ पण नाही आणि गुठळ्या फोडायचं निम्मं काम दुसऱ्याने करून दिलेलं असतं, फक्त वापरायच्या आधी एक चकती कापून भिंगाखाली बघा.